सात दिवसांची गोळ्यांची डबी: दीड वर्षाच्या वापरानंतर

मार्च २०२३ मध्ये मिरजेच्या एका रुग्णालयात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्टेंट, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी धातूची बारीक जाळी, बसवला. पाचव्या दिवशी आम्ही त्यांना सांगलीत विश्रामबागेतल्या घरी आणले, तेव्हा सोबत एक फाइल, पथ्याचा एक छापील कागद आणि गोळ्यांनी फुगलेली एक कॅरीबॅग होती. दिवसाला सात गोळ्या होत्या: सकाळी चहाआधी पित्ताची एक, नाश्त्यानंतर तीन, दुपारच्या जेवणानंतर एक आणि रात्री दोन. स्ट्रिप कुठली दहाची, कुठली चौदाची, तर कुठली पंधराची असल्यामुळे कोणतीही दोन औषधे एका दिवशी संपत नसत, आणि दर चार दिवसांनी कोणाला तरी मेडिकलच्या दुकानात जावे लागे. दोन महिने आम्ही त्या कॅरीबॅगेवर काढले. मे महिन्यात तपासणीसाठी मिरजेला गेलो असताना तिथल्याच एका मेडिकलमधून मी अठ्ठावीस कप्प्यांची डबी २४० रुपयांना घेतली. हे परीक्षण त्या डबीचे आहे. डबीवरच्या कंपनीचे नाव मी देत नाही, कारण त्याच साच्यातल्या डब्या निरनिराळ्या नावांनी मिळतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्या सगळ्यांना सारखेच लागू पडते.

प्रथम वस्तूविषयी. एका ट्रेमध्ये सात रंगांच्या सात पट्ट्या बसतात, प्रत्येक पट्टी एका वाराची, तिला चार कप्पे आणि प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र झाकण. त्या दिवसाची पट्टी काढून सदऱ्याच्या खिशात घालता येते, ही सोय खरोखर उपयोगी आहे. अक्षरांच्या बाबतीत मात्र बनवणाऱ्याने विचारच केलेला नाही. वारांची नावे इंग्रजीत आणि कप्प्यांवर ‘मॉर्न’, ‘नून’, ‘ईव्ह’ आणि ‘बेड’ असे इंग्रजीतच छापलेले. आईला इंग्रजी अक्षर येत नाही. अण्णांना येते, पण ‘बेड’ म्हणजे पलंग असा सरळ अर्थ लावून, दुपारी जेवून आपण पलंगावर पडतो म्हणून, पहिले चार दिवस त्यांनी रात्रीच्या दोन्ही गोळ्या दुपारी एक वाजता घेतल्या. त्या गोळ्या दिवसातून कोणत्याही एका ठरावीक वेळी घेतल्या तरी चालणाऱ्या होत्या म्हणून काही बिघडले नाही, परंतु सगळीच औषधे अशी सोशीक नसतात. मी निळ्या मार्करने ‘सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र’ लिहिले, ते दीड महिन्यात बोटांच्या तेलाने पुसले गेले. काळ्या मार्करचे अजून टिकून आहे.

झाकणे घट्ट आहेत. खिशात उघडू नयेत म्हणून ती तशी केली असावीत, पण अण्णांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरतो, त्यामुळे ते चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटतात आणि वर्षभराच्या आतच बुधवारच्या एका झाकणाची बिजागरी तुटली. घट्ट असली तरी लहान मुलाला न उघडण्याइतकी ती घट्ट नाहीत. माझ्या बहिणीचा मुलगा सुट्टीत आला, तेव्हा रंगीत पट्ट्यांचा ट्रे त्याला खेळणेच वाटला. मोठ्यांच्या हृदयाची गती कमी करणारी एखादी गोळीही लहान मुलाला धोकादायक ठरू शकते, म्हणून आम्ही ट्रे फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला, आणि तो डोळ्यांआड होताच तीन दिवस दुपारची गोळी राहिली. आता मुले घरात नसताना डबी देवघराशेजारच्या कोनाड्यात असते. अण्णा पूजा आटोपून उदबत्ती लावतात आणि तोच हात पट्टीकडे जातो.

मी डबी घेतली ती अण्णा गोळ्या विसरतात अशा समजुतीने. या समजुतीचे आता मलाच नवल वाटते. अण्णांनी अडतीस वर्षे मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी म्हणून काम केले. कोणत्या साली कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याची किती पोती कोणत्या भावाने गेली, हे ते आजही वही न उघडता सांगतात. रोजकीर्द आणि खतावणी जुळल्याशिवाय जेवायला न उठणारा हा माणूस सात गोळ्या विसरेल असे मानणे हा माझा आळस होता. विसरणे हे कारण सगळ्यांना सोयीचे असते: रुग्णाला त्यात लाज कमी वाटते आणि घरच्यांना एखादी वस्तू विकत आणून ते मिटवता येते.

पहिल्या महिन्याच्या अखेरीस एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रविवारी संध्याकाळी डबी पुन्हा भरताना गुरुवारच्या सकाळच्या कप्प्यात एक बारीक पांढरी गोळी उरलेली असे. पहिल्या रविवारी मी ती चुकून राहिली असे धरले, दुसऱ्या रविवारी पुन्हा तीच गोळी, तिसऱ्या रविवारीही तीच. बाकी तीन गोळ्या घेतलेल्या आणि ही एकच मागे. ती लघवीची गोळी होती. झटक्यानंतर अण्णांच्या हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झाली होती, अंगात पाणी साठून पायांवर सूज आणि फुप्फुसांवर ताण येऊ नये म्हणून ती दिलेली होती, आणि गुरुवारी अण्णा एसटीने नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला जात असत. गोळी घेतल्यावर तासाभरात लघवीला जावे लागते आणि पुढचे दोन-तीन तास पुन्हापुन्हा जावे लागते. एसटीत त्याची सोय नाही, आणि सत्तरी गाठलेला माणूस कंडक्टरला दोनदा गाडी थांबवायला सांगू शकत नाही. त्यांनी डॉक्टरांना हे सांगितले नव्हते, आम्हालाही नाही. आईला ठाऊक होते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘अरे, त्यात काय सांगायचं? गाडीत बसायचं म्हटल्यावर कोण घेतंय ती गोळी!’

पुढच्या तपासणीला मी गुरुवारची ती पट्टी जशीच्या तशी खिशात घालून नेली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. ते हसले आणि त्यांनी एका वाक्यात प्रश्न मिटवला: वाडीला जायच्या दिवशी ती गोळी परत आल्यावर घ्या, फक्त चारच्या आत घ्या, म्हणजे रात्री झोपमोड होणार नाही. तेव्हापासून गुरुवारी ती गोळी ‘दुपार’च्या कप्प्यात असते आणि एकदाही उरलेली नाही. डबीचे २४० रुपये माझ्या मते त्या दिवशीच वसूल झाले. कॅरीबॅगेत स्ट्रिपमधल्या गोळ्या कमी-जास्त झालेल्या कळतात, पण कोणत्या वारी कोणती राहिली हे कोणाच्याही लक्षात आले नसते.

संकष्टीचेही तसेच होते. सांगलीत गणपतीचे देऊळ असताना संकष्टी मोडायचा प्रश्नच नव्हता. चंद्रोदयापर्यंत अण्णांच्या पोटात चहाखेरीज काही नसे आणि ‘उपाशीपोटी गोळी बाधते’ म्हणून सकाळच्या पट्टीला हात लागत नसे. डॉक्टरांनी समजावले की पित्ताची गोळी तर उपाशीपोटीच घ्यायची आहे आणि बाकीच्या पेलाभर पाण्याबरोबर घेतल्या तरी चालतील, आणि उपासही अगदी कोरडा नको. पण अण्णांना पटले ते गल्लीतल्या गुरुजींमुळे. पाणी, दूध, फळ आणि औषध यांनी व्रत मोडत नाही असे आपल्याकडचे जुने वचन आहे, ते गुरुजींनी त्यांना ऐकवले. मला वाटते, एकादशी-संकष्टी पाळणाऱ्या घरांत रुग्णालयाच्या पथ्याच्या कागदावर ही एक ओळ छापली तर खूप फरक पडेल.

इथे मला एका अभ्यासाचा उल्लेख करायचा आहे, कारण तो थेट या वस्तूविषयी आहे आणि डबी घेताना मला माहीत असता तर कदाचित मी ती घेतलीच नसती. २०१७ साली अमेरिकेत एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीची औषधे नियमित न घेणाऱ्या ५३ हजारांहून अधिक लोकांपैकी काहींना अशीच साधी कप्प्यांची डबी, काहींना घड्याळ असलेले झाकण आणि काहींना बाटलीवर लावायची खुणांची पट्टी दिली आणि उरलेल्यांना काहीच दिले नाही. वर्षभरानंतर पाहिले तर औषधे नियमित घेण्यात काहीही न दिलेल्यांपेक्षा यातल्या कोणालाही फारसा फायदा झालेला नव्हता. त्या लोकांना एक ते तीनच औषधे चालू होती आणि त्यांचे वय चौसष्टपर्यंतचे होते, तेव्हा सात गोळ्यांच्या अण्णांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येणार नाही. परंतु माझ्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळी आहे. ती साधने लोकांच्या घरी टपालाने पाठवली होती. रविवारी बसून डबी भरणारा, गुरुवारचा कप्पा पाहणारा आणि तो डॉक्टरांना नेऊन दाखवणारा माणूस त्या टपालाबरोबर गेलेला नव्हता. आठवण करून देणारे साधन म्हणून ही डबी जवळजवळ निरुपयोगी आहे, हे माझे दीड वर्षानंतरचे मत त्या चाचणीशी जुळते. मोबाइलवरचा गजर तर आमच्याकडे आठ दिवसही टिकला नाही, कारण तो वाजला की अण्णा शांतपणे बंद करून वर्तमानपत्र वाचत. डबी ही खरी हिशेबाची वही आहे, आणि वहीचा उपयोग ती वाचणाऱ्याला होतो.

वही वाचायची कशी, हे मात्र मला आले नाही, आणि त्याचे मोल आम्हाला दिवाळीत मोजावे लागले. गुरुवारच्या प्रकारानंतर मला तपासणीची चटक लागली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणजे वह्या तपासण्याची सवय अंगात मुरलेली. रोज संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढून पहिल्यांदा मी डबी उघडायचो, आणि एखादी गोळी दिसली की आवाज चढायचा. ऑगस्टपासून डबी रोज रिकामी होऊ लागली आणि मी खूश झालो. नोव्हेंबरमध्ये दिवाळीची साफसफाई करताना अण्णांच्या जुन्या चष्म्याच्या घरात अकरा गोळ्या सापडल्या. सगळ्या एकाच जातीच्या, लांबट आणि पांढऱ्या, काहींना चष्म्याच्या कापडाची लव चिकटलेली. त्या कोलेस्टेरॉलच्या होत्या.

‘अण्णा, हे काय?’

‘राहू दे. त्या गोळीनं पिंडऱ्या दुखतात माझ्या. आणि कोलेस्टेरॉल नॉर्मल आलंय की, मग कशाला घ्यायची?’

या दोन वाक्यांत मला वाटते निम्म्या हृदयरुग्णांचे उत्तर आहे. रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळे, हे कोणी त्यांना नीट सांगितलेले नसते. आपल्याकडे औषधाचा ‘कोर्स’ असतो आणि तो पुरा झाला की औषध संपते, ही समजूत तापाच्या आणि खोकल्याच्या गोळ्यांनी पक्की केलेली आहे. छातीत दुखणे थांबले, जिना चढता येऊ लागला, रिपोर्टवरचा आकडा खाली आला, तर कोर्स संपला असेच माणूस धरतो. स्टेंटने एक अरुंद जागा रुंद केली, बाकीच्या रक्तवाहिन्या आणि त्यांच्यात साठणारी चरबी आहे तिथेच आहे, हे डोळ्यांना दिसत नाही आणि दुखतही नाही. पिंडऱ्या मात्र दुखतात, आणि आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या एका मित्राने या गोळीने पाय जातात असे सांगितलेले असते.

डॉक्टरांनी अण्णांना रागावले नाही, याचे मला तेव्हा वाईट वाटले होते आणि आता कौतुक वाटते. स्नायूंना इजा होते आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी रक्ताची तपासणी केली, ती ठीक आली. मग त्यांनी एका अभ्यासाची गोष्ट सांगितली. ज्यांनी त्रास होतो म्हणून ही गोळी सोडली होती अशा साठ जणांना बारा बाटल्या दिल्या गेल्या: चार खऱ्या गोळ्यांच्या, चार औषध नसलेल्या हुबेहूब गोळ्यांच्या आणि चार रिकाम्या. महिन्याला एक बाटली आणि रोज त्रासाची नोंद. गोळीच्या महिन्यांत जो जास्तीचा त्रास नोंदला गेला, त्यातला जवळपास ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतही झाला होता. २०२० सालचा हा अभ्यास आहे. अण्णांनी तो हिशेब लक्ष देऊन ऐकला आणि विचारले, ‘म्हणजे माझ्या पिंडऱ्या खोटं बोलतात?’ डॉक्टर म्हणाले, ‘पिंडऱ्या दुखतातच, प्रश्न एवढाच की गोळीनं की दुसऱ्या कशानं.’ त्यांनी स्वतःहून पंधरा दिवस ती गोळी बंद ठेवायला सांगितली. पिंडऱ्या दुखतच राहिल्या. मग त्याच जातीची दुसरी गोळी सुरू झाली, आणि ती चष्म्याच्या घरात गेली नाही.

त्या दिवशी मला कळले ते असे: ही डबी कप्पा रिकामा झाला एवढेच सांगते, गोळी पोटात गेली की नाही हे तिला माहीत नसते. आणि रोज कोणी तरी कप्पा तपासणार असेल, तर न घेतलेली गोळी तिथे राहणार नाही, ती दुसरीकडे जाईल. पहिल्या दोन महिन्यांत उरलेल्या गोळ्या उघड्यावर होत्या म्हणून गुरुवारचे कारण सापडले. माझ्या आवाजाने त्या लपल्या. आता डबी फक्त रविवारी उघडून पाहायची आणि उरलेल्या गोळीवरून ‘का घेतली नाही’ असे न विचारता ‘ही नकोशी का वाटली’ असे विचारायचे, असा आमच्या घरात नियम आहे. नियम आईने केला.

एक प्रसंग मात्र असा होता की रोजच्या पाहण्याने वाचवले. जुलै २०२३ मध्ये अण्णांची दाढ काढायची होती. दवाखान्यात शेजारी बसलेल्या कोणी तरी त्यांना सांगितले की रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस आधी बंद ठेवाव्या लागतात. अण्णांनी लगेच अंमल केला. स्टेंट बसवून चारच महिने झाले होते. नव्या स्टेंटच्या धातूवर रक्ताच्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, चिकटून गुठळी होऊ नये म्हणून दोन वेगवेगळ्या गोळ्या दिलेल्या असतात, झटका येऊन गेलेल्या माणसाला साधारण वर्षभर, आणि त्या अवेळी थांबवणे हे स्टेंट अचानक बंद होण्याचे एक मोठे कारण आहे. बुधवारच्या पट्टीत दुपारची आणि रात्रीची अशा दोन्ही गोळ्या आईला दिसल्या. मी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दोन्ही चालू ठेवायला सांगितल्या आणि दाताच्या डॉक्टरांशी स्वतः बोलले. दाढ निघाली, रक्त नेहमीपेक्षा थोडा वेळ जास्त आले, बोळा जास्त वेळ दाबून धरावा लागला, आणि एवढ्यावर भागले.

या डबीचा सर्वांत मोठा दोष मी अजून सांगितलेला नाही. स्ट्रिपवर औषधाचे नाव असते, डबीत नसते. कप्प्यात पडलेली गोळी केवळ तिच्या रंगावरून आणि आकारावरून ओळखायची असते, आणि आपल्याकडे तेच औषध या महिन्यात एका कंपनीचे गुलाबी आणि गोल, तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीचे पांढरे आणि लांबट मिळते. दुकानदार ‘सॉल्ट तेच आहे’, म्हणजे आतले औषध तेच आहे, असे म्हणतो, आणि ते बहुतेक वेळा खरेही असते. पण अण्णांनी एकदा अशी बदललेली गोळी चार दिवस कप्प्यात तशीच ठेवली आणि मला म्हणाले, ‘ही आपली नव्हं.’ त्यांचा हा संशय जगावेगळा नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गोळीचा रंग बदलल्यावर ती सोडून देण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी आणि आकार बदलल्यावर ६६ टक्क्यांनी वाढलेली आढळली होती. डबी वापरणाऱ्याला हा धोका अधिकच, कारण खात्री करून घ्यायला हाताशी स्ट्रिप नसते. आम्ही उपाय केला तो साधा आहे: प्रत्येक स्ट्रिपचा नाव असलेला शेवटचा तुकडा कापून फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचा, त्याशेजारी एक गोळी पारदर्शक चिकटपट्टीखाली, आणि खाली मराठीत ती कशाची आहे ते. कंपनी बदलली की तुकडाही बदलायचा.

पावसाळ्यात आठवड्यापेक्षा जास्त गोळ्या स्ट्रिपमधून काढून ठेवू नयेत. झाकणे हवाबंद नाहीत. ओल लागलेल्या अ‍ॅस्पिरिनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो मला एका जुलैमध्ये आला आणि त्या आठवड्याच्या सगळ्या गोळ्या टाकून द्याव्या लागल्या. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी या डबीत घालूच नये: ती वाराप्रमाणे घ्यायची नसते, आणि गरज पडेल तेव्हा ती नावानिशी खिशात असायला हवी. हृदयाची झडप बदललेल्या ज्या रुग्णांच्या गोळीचा डोस रक्त तपासून वरचेवर बदलतो, त्यांनी प्रत्येक तपासणीनंतर डबी रिकामी करून पुन्हा भरावी. अर्धी करून घ्यायची गोळी कप्प्यात भुगा होते.

डबी ज्यांच्या उपयोगाची नाही, त्यांच्याविषयीही लिहिले पाहिजे. आमच्या समोर राहणाऱ्या एका काकांना त्याच वर्षी झटका येऊन गेला. मी उत्साहाने त्यांना अशीच डबी भेट दिली. महिन्याभराने सहज गेलो, तर ट्रेमध्ये सोमवार, बुधवार आणि शुक्रवार भरलेले आणि मधले वार कोरडे. ते विसरत नव्हते आणि त्यांना कसली शंकाही नव्हती. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवायच्या होत्या. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टीचा खर्चही निघतो, पण त्यानंतर वर्षानुवर्षे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येणारे मेडिकलचे बिल घरच्या पैशानेच भरायचे असते. काकांच्या मुलाने डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावे लिहून घेतली आणि जनऔषधी केंद्रातून तीच औषधे आणली. अकराशेचे बिल चारशेच्या आत आले आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार भरू लागले. तरीही औषध फुकट दिले की प्रश्न मिटला असे समजू नये. अमेरिकेत झटका येऊन गेलेल्या विमाधारकांना ही औषधे पूर्ण मोफत देऊन पाहिली होती, २०११ साली त्याचे निष्कर्ष आले, आणि नियमित घेण्याचे प्रमाण वाढले ते ४ ते ६ टक्क्यांनीच.

सर्वाधिक फरक पडला तो गोळ्या कमी झाल्याने. मार्च २०२४ मध्ये वर्ष पूर्ण झाल्यावर डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या दोनपैकी एक गोळी थांबवली आणि दुसरी व कोलेस्टेरॉलची मिळून एकच कॅप्सूल रात्री दिली. सातच्या पाच झाल्या आणि दुपारचा कप्पा गुरुवारखेरीज रिकामा झाला. भारतासह चार देशांतल्या दोन हजार लोकांवर केलेल्या एका चाचणीत, हृदयाची चार औषधे एकाच गोळीत दिली तेव्हा सव्वा वर्षाने ८६ टक्के लोक ती नियमित घेत होते, आणि वेगवेगळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ६५ टक्के होते. ते निष्कर्ष २०१३ सालचे आहेत. आमच्या घरी त्यात आणखी एक अनपेक्षित लाभ झाला. अण्णांना कोलेस्टेरॉलच्या गोळीचा कंटाळा होता, पण रक्त पातळ करायच्या गोळीविषयी दाढेच्या प्रसंगापासून चांगलाच धाक होता. आता एक टाळायची तर दुसरीही टळते, म्हणून ते दोन्ही घेतात.

तेव्हा कोणी विचारले तर मी ही डबी घ्या असेच सांगेन, मात्र दोनशे-अडीचशेपेक्षा जास्त देऊ नका, आणि गजर, दिवे किंवा मोबाइलला जोडणी असलेल्या महागड्या डबीच्या मागे लागू नका. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा इंग्रजी अक्षरांसाठी कापला, अर्धा झाकणांसाठी आणि अर्धा नावाशिवायच्या गोळ्यांसाठी.

हल्ली रविवारची डबी अण्णा स्वतः भरतात. जुना चष्मा लावून, पुढ्यात वर्तमानपत्र अंथरून, आधी सगळा सोमवार, मग सगळा मंगळवार असे न करता ते एका औषधाची स्ट्रिप घेऊन सातही वारांना वाटतात आणि शेवटी प्रत्येक पट्टीतल्या गोळ्या मोजून पाहतात, कारण बेरीज आडवी आणि उभी दोन्हीकडून जुळली पाहिजे. गेल्या रविवारी ते मला म्हणाले की मार्केट यार्डातल्या त्यांच्या जुन्या सोबत्याला परवा स्टेंट बसवलाय, त्याच्यासाठी एक डबी घेऊन ये. मी बरे म्हणालो. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी पुन्हा हाक मारली: ‘दोनच कप्प्यांची बघ, त्याला दुपारची नाही. आणि वार काळ्यानं लिही, निळं पुसतंय.’